बालकांच्या रक्तातील शिसे
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



जळगाव-धुळ्याच्या आपल्या घरांत मुलाची प्रकृती आपण त्याच्या भुकेवरून नि खेळण्यावरून पारखतो. परंतु शिसे हे असे विष आहे की, ते अंगात मुरले तरी मूल वरकरणी धडधाकट दिसते. त्याचा घाला मेंदूवर पडतो. मुलाचे चित्त ठरत नाही, अभ्यास मागे पडतो, आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो.

हे विष ओळखण्यास मोजमापावाचून मार्ग नाही. अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत ते अधिक, ती मुले बुद्धिमापनात मागे, हे त्यांनी १९७९ साली दाखविले. आपल्याकडे १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई व दिल्लीच्या तीन वर्षांखालील मुलांचे रक्त तपासले गेले. बहुसंख्य मुलांत दर डेसिलिटर रक्तात ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसे निघाले. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते की, ५ मायक्रोग्रॅम आढळताच त्याचे मूळ शोधून ते दूर करावे.

पेट्रोलमधील शिसे २००० साली बंद झाले. पण जुन्या रंगाचे पोपडे, जुन्या बॅटऱ्या फोडण्याची जागा, शिसेमिश्रित कलई, भेसळीची हळद व काही सुरमे ही मुळे उरलीच आहेत. रांगते मूल धुळीचा हात तोंडात घालते, आणि मोठ्यांच्या चौपट-पाचपट शिसे शोषून घेते. अंगी लोह व कॅल्शियम कमी असल्यास हे शोषण आणखी वाढते.

बोटाच्या थेंबभर रक्तावर प्राथमिक तपासणी होते. मात्र बोट आधी साबणाने धुवावे. अन्यथा कातडीवरील धूळच मोजली जाते. आकडा अधिक आल्यास शिरेतील रक्त घेऊन खात्री करावी. रक्तातील आकडा अलीकडच्या काही आठवड्यांचा हिशेब देतो. हाडांत मुरलेले शिसे मात्र वर्षानुवर्षे राहते. म्हणून तपासणी लवकर झाली पाहिजे.

दरवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचे गुण मोजून त्यांचा सत्कार करतो. त्याच निधीतून पाच वर्षांखालील मुलांच्या रक्ततपासणीची सोय ज्ञातीने करावी, आणि ज्यांच्या घरी कारागिरीचे काम चालते त्यांच्या मुलांपासून आरंभ करावा, अशी माझी नम्र सूचना आहे. ज्यांचे गुण कधी वाढलेच नाहीत, त्या लेकरांचीही ज्ञातीवर तितकीच जबाबदारी आहे.