शीख असण्यासाठी देव मानावाच लागतो का?

(एका अभ्यासवर्गातील भाषणाचे संपादित रूप)



हा विषय मी निवडला नाही, तो माझ्या पदरात पडला. पीएच.डी.च्या कामासाठी मी पंजाबात, माळव्यातल्या एका गावी राहत होते. ज्या मजहबी शीख घरात उतरले होते, तिथल्या आजोबांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "बेटा, तुम्ही बौद्ध लोक रब मानत नाही म्हणे?" मी म्हटलं, "नाही मानत, बाबाजी." ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्यातही आहेत तसे. जमीनवाले." मी हसले. ते हसले नाहीत.

आधी कागद काय म्हणतो ते बघू. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ मध्ये मंजूर केलेल्या सिख रहित मर्यादेत शिखाची व्याख्या आहे आणि तिची सुरुवातच एका अकाल पुरखावरच्या श्रद्धेने होते. दहा गुरू, गुरू ग्रंथसाहिब, अमृत आणि दुसरा धर्म न मानणं हे त्यानंतर येतं. झालं, संपला प्रश्न, असं वाटेल. पण त्याआधीचा १९२५ चा गुरुद्वारा कायदा उघडा. कुणी शीख आहे की नाही असा वाद आला तर त्याने काय जाहीर करायचं, ते तिथे दिलंय: मी शीख आहे, ग्रंथसाहिब मानतो, दहा गुरू मानतो, मला दुसरा धर्म नाही. देवाचा उल्लेख नाही. १९७१ च्या दिल्लीच्या कायद्यात न कापलेल्या केसांची अट आली, देव तिथेही आला नाही. २००९ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात वैद्यकीय प्रवेशावरून शीख कोण हा वाद गेला, तेव्हा निकाल केसांवर लागला. कोरलेल्या भुवयांपर्यंत चर्चा गेली होती.

कुणी म्हणेल, ग्रंथसाहिब मानला की देव त्यात आलाच. हे मला मान्य आहे. ग्रंथाची पहिली खूणच 'इक ओंकार' आहे. गुरबाणीतून नाम काढून तिला नास्तिक ठरवणारे मित्र मला भेटतात. त्यांचं मला पटत नाही. मात्र हा देव कसला आहे तेही बघा. त्याला जन्म नाही, रूप नाही, तो कुणाच्या पोटी अवतार घेत नाही आणि त्याच्यापर्यंत पोचायला दलाल लागत नाही. शिंपी नामदेव, विणकर कबीर, चर्मकार रविदास यांची वाणी ग्रंथात आहे. आपल्या पंढरीच्या नामदेवांची तर ६१ पदं. देवळाच्या दारातून हुसकावलेल्या माणसाला असा देव सापडणं ही त्याच्या जगण्याची गोष्ट होती. देव नाकारला की माणूस सुटला, असं आम्ही आंबेडकरी पोरंपोरी पटकन धरून चालतो. मीही तशीच गेले होते त्या गावात.

बाबासाहेब मात्र इतकी घाई करत नाहीत. येवल्याची घोषणा १९३५ ची. १९३६ च्या एप्रिलमध्ये ते अमृतसरला शिखांच्या परिषदेला गेले. त्याच वर्षीच्या 'जातिभेद निर्मूलना'त शास्त्रांचं प्रामाण्य झुगारणारे म्हणून त्यांनी बुद्ध आणि नानक ही दोन नावं शेजारी ठेवली. एकाकडे देव नाही, दुसऱ्याकडे आहे. १९५६ ला ते कुठे गेले ते आपण जाणतो. त्यामागे कारणं अनेक होती, फक्त देवाचं एक कारण काढून दाखवणं मला बरोबर वाटत नाही.

आता १९२० कडे या. १२ ऑक्टोबरला, अमृत घेतलेले तथाकथित खालच्या जातींचे शीख कडाह प्रसाद घेऊन हरमंदिर साहिबात गेले. पुजाऱ्यांनी प्रसाद स्वीकारायला नकार दिला. या माणसांच्या श्रद्धेत काही खोट होती का? कुणी तपासलीसुद्धा नाही. शेवटी ग्रंथसाहिब उघडून हुकम घेतला गेला, तो त्यांच्या बाजूने निघाला आणि प्रसाद घ्यावा लागला. मग ते अकाल तख्ताकडे वळले, तर तिथले पुजारी निघून गेले. यातूनच गुरुद्वारा सुधार चळवळीला जोर आला, कमिटी आली, पुढे १९२५ चा कायदा आला. ज्या कायद्याच्या घोषणेत देव नाही, त्याच्या मुळाशी देव मानणाऱ्या अस्पृश्यांचा प्रसाद आहे.

आणि भगतसिंग? १९३० मध्ये तुरुंगात बसून त्याने आपण नास्तिक का आहोत ते लिहिलं. पंजाबात ट्रॅक्टरवर त्याचं चित्र असतं, बहुतेक वेळा पगडीतलं.

माझ्या त्या गावात दोन गुरुद्वारे होते, दोन स्मशानं होती. शेतकरी संघटनेत काम करणारे एक जाट गृहस्थ रब नाही म्हणून चारचौघांत सांगायचे. त्यांच्या मुलाचं आनंद कारज मोठ्या गुरुद्वाऱ्यात झालं, वडिलांचा भोगही तिथेच. त्यांच्या शीखपणावर कुणी बोट ठेवलं नाही. माझे आजोबा पहाटे उठून जपजी म्हणायचे. त्यांच्या सुनांना मोठ्या गुरुद्वाऱ्यात लंगरचे प्रशादे लाटायला कुणी बोलावत नसे. आवार झाडायला मात्र बोलावत. सिद्धांत म्हणून विचाराल तर शिखाला अकाल पुरख मानावा लागतो, असंच मी म्हणेन. पण न मानण्याची मुभा त्या गावात जमिनीबरोबर मिळत होती. बिनजमिनीच्या माणसाला मानूनही पुरत नव्हतं. २०१० मध्ये रविदासियांच्या एका मोठ्या गटाने आपला वेगळा धर्म जाहीर केला, तेव्हा ते का दूर गेले असा प्रश्न बऱ्याच जणांना पडला. आजोबांना पडला नव्हता.

मी निघायच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुमच्या विहारात पुढे कोण बसतं?"

"जो आधी येईल तो."

"आणि खीर कोण ढवळतं?"

"ज्याची पाळी असेल तो, बाबाजी."

त्यांनी मान हलवली. "आणि लग्नं? सगळ्या बौद्धांत होतात?"

पोटजातींचं त्यांना कसं सांगावं, याचा विचार करत मी बराच वेळ चहाचा पेला धरून बसले होते.