पकड हवी, पण बेताची

बेलवलीत बर्फ पडत नाही; तरी गुलमर्गला जाऊन बर्फावरची मोटार पाहणारी मंडळी आपल्यात आहेत. अंबरनाथच्या कारखान्यांत लेथवर पोलाद कापणारे टंगस्टन कार्बाइड त्या मोटारीच्या पुढच्या पट्ट्यांखालील सळईतही बसवतात. जर्मनीत क्रुप कंपनीने ते 1927 साली 'विडिया', म्हणजे 'हिऱ्यासारखे', या नावाने विकायला काढले. साधे पोलाद दगडावर लवकर झिजते. कार्बाइडची धार टिकते, घट्ट बर्फात रुतते, म्हणून मोटार वळते. परंतु धार लांब केली की हँडल जड होते. आणि मागचा पट्टा घसरता असेल, तर वळणावर मागची बाजू फेकली जाते. म्हणून आम्ही म्हणतो, आधी वाट पाहावी, मागची पकड पाहावी आणि मगच पुढची धार निवडावी.