एकोणिसावा पैसा

आमच्या घरात कुणी वाण्याचं बिल तीनतीनदा तपासलं किंवा सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरशी वाद घातला, की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "हा अगदी तात्यांवर गेलाय." असं कुणीतरी प्रत्येक घराण्यात असतंच. आमच्याकडे दोघं होती. एक तात्या, म्हणजे माझ्या आजोबांचे भाऊ, आणि दुसरी त्या दोघांची थोरली बहीण, आमची आत्याआजी.

दापोलीपासून सहासात मैलांवर आमचं घर. १९६५-६६ च्या सुमाराला परीक्षा संपली, की आम्ही भावंडं मुंबईहून एसटीनं निघायचो. महाड, पोलादपूर, मग कशेडीचा घाट. घाटात निम्मी गाडी ओकायची. खेडला उतरून दापोलीची गाडी, आणि पुढे बैलगाडी किंवा पाय. घरी पोचलो, की पडवीत बसलेले तात्या 'कसे आहात' असं विचारत नसत. "तिकिटाला किती पडले? आण्यांत सांग."

आता इथे थोडा इतिहास सांगायला हवा. १ एप्रिल १९५७ या एकाच तारखेला तात्यांच्या आयुष्यात दोन गोष्टी घडल्या. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे आले. आणि कूळकायद्यानुसार तोच दिवस 'कृषक दिन' ठरला, म्हणजे जमीन कसणारं कूळ त्या दिवसापासून कायद्यानं जमिनीचं मालक मानलं गेलं. खोती १९४९ च्या कायद्यानं आधीच गेली होती. आता भातशेतीही गेली. किंमत सरकार ठरवणार, ती हप्त्याहप्त्यानं येणार. तात्यांच्या हाती उरलं घर, परसू आणि थोडी कलमं.

जमिनीबद्दल तात्या कधी अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी सगळा राग नव्या पैशावर काढला. मरेपर्यंत हिशेब आणे-पैमध्ये. सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा नवे पैसे होते, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस. आणा म्हणजे खरं तर सव्वासहा नवे पैसे. जवळच्या पूर्ण आकड्याला धरलं, की तीन आण्यांचे एकोणीसच होतात. पण तात्या गरजायचे, "सहा त्रिक अठरा! मग हा एकोणिसावा कुणाच्या बापाचा?"

त्यावर त्यांनी तोडगाही काढला होता. तीन आण्यांचा गूळ हवा असला, की आम्हा तिघा भावंडांना पाठोपाठ वाण्याकडे पाठवायचे. प्रत्येकानं एका आण्याचा गूळ मागायचा आणि सहा पैसे टाकायचे. वाणी बिचारा कपाळाला हात लावून तीन पुड्या बांधायचा. आम्हाला मात्र यात फार मजा वाटे, कारण येताना तिन्ही पुड्यांतून थोडाथोडा गूळ तोंडात जाई.

आमचं जुनं कूळ रोज संध्याकाळी घराकडे येई. १९५७ नंतर तात्यांनी त्यांना 'मालक' म्हणायला सुरुवात केली. सुरुवातीला त्यात चांगलंच विष होतं, असं माझे वडील सांगत. ते गृहस्थ त्यांना पूर्वीसारखंच 'खोत' म्हणत. पण सवयीनं ओटीवर न चढता ते पायरीवरच बसत. "मालक, वर या," तात्या म्हणत. ते हसून मान हलवत. मग तात्या स्वतः उठून खाली जात आणि पायरीवर त्यांच्याशेजारी बसत. मी पाहिलं तोवर त्या 'मालक'मधलं विष ओसरलं होतं, ते नुसतं नाव झालं होतं. दोघं पान जमवत आणि पावसाची नक्षत्रं मोजत. या गृहस्थांच्या घरी तात्यांविषयी काय बोललं जाई, ते मात्र मला ठाऊक नाही. आमच्या गोष्टी आम्हीच सांगत आलो, म्हणून त्यांत विक्षिप्तही आमचेच. आणि कायदा योग्य होता, हे आमच्या घरात मोठ्यानं म्हणणारे पहिले माझे वडील. तेसुद्धा मुंबईत राहून.

जमीन गेल्याची बातमी आली त्या दिवशी घरात चूल पेटली नाही म्हणतात. एकटी आत्याआजी म्हणाली होती, "माझं काय गेलंय? मला घालता का जेवायला?"

ती तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. लाल आलवण, केशवपन, सगळं सोसलेली. विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीत मर्यादित का होईना हक्क देणारा कायदा १९३७ चा. तिचा नवरा त्याच्या कितीतरी आधी गेला होता. सासरी नुसती पोटगी, तीही आली तर आली. माहेरी वाटा नाहीच. फक्त ती परत आली त्या दिवशी वडिलांनी परसातल्या कापा फणसाकडे बोट दाखवून म्हटलं होतं, "हा तुझा."

ते शब्द तिनं अक्षरशः धरून ठेवले. चैत्र-वैशाखात ती काठी घेऊन झाडाखाली बसे. प्रत्येक फणसावर चुन्याची खूण. आम्ही मुलं गेलो, की एकेकाच्या नावावर एकेक फणस करून द्यायची; मग तो पिकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. घरात भाजीला कुयरी हवी असली, तरी सून तिच्याकडे मागायला जाई आणि पैसे मोजून आणी. पाहुणे हसत. "सख्ख्या घरात विकत फणस!" असं म्हणत. तात्या हसत नसत. चार आणे म्हटलं तर चार आणे, शिवाय वहीत नोंद.

या पैशांचं ती करते काय, हे गूढच होतं. ना तीर्थयात्रा, ना सोनं. ती गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. आत दोन आलवणं, एक पोथी आणि दोऱ्यानं बांधलेल्या मनीऑर्डरच्या पावत्या. दर वर्षी ज्येष्ठात, फणसाचा हंगाम सरला की पाच रुपये, कधी सात, हिंगण्याच्या संस्थेला. म्हणजे धोंडो केशव कर्व्यांच्या संस्थेला. कर्वे आमच्याच तालुक्यातल्या मुरूडचे. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला म्हणून गावानं त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. १८९६ मध्ये त्यांनी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला. किती विधवा मुली तिथे शिकल्या, शिक्षिका झाल्या. आमच्या घरातून कुणी जाणं शक्यच नव्हतं. कर्व्यांचं नावही निघत नसे. तिला कुणी शिकवलं, मनीऑर्डरचा फॉर्म कोण लिहून देई, हे वडिलांनी पावत्या पाहून ओळखलं. अक्षर तात्यांचं होतं.

तात्या तिच्यानंतर वर्षभरानं गेले. त्यांच्या वहीत शेवटपर्यंत दोन खाती सांभाळलेली होती. एक 'आक्काकडून खरेदी, फणस'. दुसरं 'सरकार', त्यात पाव-पाव पैशाच्या नोंदी, जमा आणि नावे. त्यांनी प्रामाणिकपणे दोन्ही बाजू लिहिल्या होत्या. सव्वासहा पैशांचा माल सहा पैशांत शेकडो वेळा घेतल्यामुळे शेवटच्या पानावर बाकी उलटीच निघाली होती. 'सरकारास देणे रु. ३-४-०.' खरं पाहता हे सव्वातीन रुपये सरकारचे नव्हेत, त्या वाण्याचे. पण वाणी तेव्हा हयात नव्हता, आणि तात्यांचा वाद वाण्याशी कधी नव्हताच.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यात दापोलीकडची हजारो झाडं उन्मळली. आमचा फणसही पडला. पंचनाम्याला तलाठी आले, तेव्हा घरी माझा पुतण्या होता. झाड कुणाच्या नावावर, असं त्यांनी विचारलं. हा चटकन म्हणाला, "आत्याआजीच्या." तलाठ्यांनी सातबारा वरखाली पाहिला. त्यात असं कुणी नव्हतं. त्यांनी कागदावर लिहिलं, 'फणस, १, जुना', आणि पुढच्या कलमाकडे वळले.