ग्रासिलारिया : एक तांबडें शेवाळ

नांदेड-लातूरहून समुद्र फार दूर. तथापि तेथील एक वनस्पति आपल्या स्वयंपाकघरांत येऊन पोंचली आहे. 'चायना ग्रास' म्हणून दुधांत जें थिजवितात, तें समुद्रांतील तांबड्या शेवाळांचें अगर नांवाचें द्रव्य होय. हें देणाऱ्यांपैकीं एक प्रमुख प्रजाति म्हणजे ग्रासिलारिया. कोंकणच्या खडकांवर ती ओहोटीस उघडी पडते.

हिला मूळ, खोड, पान यांपैकीं कांहींच नाहीं. आंत मोठ्या पेशी, बाहेर लहान रंगीत. अगर राहतें तें पेशींच्या भित्तींत.

खरें नवल प्रजननांत आहे. नरपेशीला पोहण्यास शेपूटच नाहीं. पाणी नेईल तिकडे ती जाते. गांठ पडलीच, तर मादीच्या अंगावर फुगीर गोळा वाढतो. ही दुसरी पिढी. त्यांतील बीजाणु रुजून तिसरी पिढी होते. ती दिसण्यांत थेट पहिलीसारखीच! ती चार-चार बीजाणु देते आणि त्यांतून पुनः नर व मादी.

प्रजातीचें नांव १८३० सालचें, ग्रेव्हिल यानें दिलेलें. परंतु जाति ओळखणें कठीण; एकीच्याच रूपांत जागेप्रमाणें फरक पडतो, आणि अगर किती घट्ट थिजेल हें तर जातीवर अवलंबून! म्हणून नरपेशी उथळ खळग्यांत आहेत कीं खोल, हें पाहतात. हल्लीं डीएनएहि तपासतात. तरीहि एड्युलिस या जातीला कांहीं शास्त्रज्ञ हायड्रोपंटिया या निराळ्या प्रजातींत घालतात.