उफणणीचा पंखा नुसताच घुमतो तेव्हा

शहापूर-मुरबाडकडे भात झोडून झाले, की नेमका वारा पडतो आणि खळ्यावरचा विजेचा पंखा नुसता घुं घुं करतो. मग कोणीतरी चालू पंख्याची पाती काठीने ढकलतो. हे करू नका, बोटे जायची.

आधी मेन स्विच बंद करून फ्यूज काढा आणि खिशात ठेवा. आता पाती हाताने फिरवा. जड वाटली तर आत पेंढा, भुसा अडकलाय, साफ करा. हलकी फिरली तर वीजपुरवठा पाहा. खळ्यावरच्या बोर्डात जुना, तारेचा बल्ब लावा (एलईडीवर हे नीट कळत नाही) आणि फ्यूज बसवून पंखा दोन-तीन सेकंदच चालू करा. बल्ब एकदम मंदावला, तर घरापासून ओढलेली वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. मुरबाडकडे एका खळ्यावर असा जोड दवाने भिजलेल्या पेंढ्याखाली सापडला. घरधनी थोडक्यात वाचला. जोड जमिनीवर नकोच. बल्ब लख्ख राहिला, तर बहुधा कंडेन्सर गेलाय. त्याला हात लावू नका, वीज बंद केल्यावरही तो झटका देतो. वायरमनला बोलवा. आणि फ्यूज उडाला म्हणून तांब्याची जाड तार गुंडाळू नका. मग फ्यूजऐवजी मोटर जळते.