डेट्रॉइटमधली घराण्याची गाडी

डेट्रॉइटमध्ये दारातल्या गाडीवरून घरातली माणसं कुठे कामाला आहेत, ते कळायचं. आजोबा फोर्डमध्ये, म्हणून नातवालाही फोर्डच. त्यात निष्ठा होतीच. पण कामगारांच्या कुटुंबाला मिळणारी घसघशीत सवलतही होती, बरं का! 1973च्या तेलसंकटानंतर कमी पेट्रोल पिणाऱ्या जपानी गाड्या खपू लागल्या आणि कामगार संघटनेच्या आवारात परदेशी गाड्यांना मज्जाव करणाऱ्या पाट्या लागल्या. पण 1982मध्ये जपानी होंडाची अ‍ॅकॉर्ड अमेरिकेतच, ओहायोतल्या मेरिसव्हिलला तयार होऊ लागली. पुढे अमेरिकन शेवरलेचे काही ट्रक मेक्सिकोहून येऊ लागले. मग देशी कोण? पुढच्या काचेखाली गाडीचा सतरा अंक-अक्षरांचा क्रमांक असतो. गाडी कुठे बनली, ते त्यावरून कळतं: सुरुवात 1ने असेल तर अमेरिका, 3ने मेक्सिको, ‘जे’ने जपान.