मॉरिशसची खात्याची वही

मॉरिशस म्हटलं की आपल्याला सहलीच्या जाहिराती आठवतात. ज्यांना थोडं अधिक ठाऊक आहे ते सांगतात, तिथे मराठी माणसं आहेत, गणपती बसतो, चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. सगळं खरं. पण ही माणसं तिथे राहिली कशी, हे विचारलं की उत्तर ठरलेलं: कोकणात पोट भरेना, जहाज मिळालं, गेली. अहो, हे जाण्याचं कारण झालं, राहण्याचं नव्हे! इंग्रजांनी ते बेट तोफांनी घेतलं, पण चालवलं कागदाने. माझा आजचा मुद्दा एवढाच आहे आणि तो मी दोनतीनदा सांगणार आहे, कारण आपल्याकडे राज्य म्हटलं की लढाया आठवतात, रजिस्टर आठवत नाही. शिवाय हे प्रकरण परक्याचं नाही. आपल्याच मुंबई इलाख्याच्या मुंबई बंदरातून ही जहाजं सुटत होती.

फ्रेंचांकडून इंग्रजांनी हे बेट डिसेंबर 1810 मध्ये घेतलं आणि 1814 च्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झालं. गंमत अशी की फ्रेंच मळेवाले, त्यांची भाषा, त्यांचे कायदे, त्यांची मालमत्ता, सगळं इंग्रजांनी जागच्या जागी राहू दिलं. राज्य बदललं, मालक बदलले नाहीत. 1825 मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकीच करण्यात आली, आणि मग डोंगरउतारापर्यंत ऊसच ऊस. ऊस तोडायला माणूस हवा, आणि नेमकी 1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली. भरपाई मिळाली ती मालकांना, वीस लाख पौंडांहून जास्त. ज्यांनी पाठ मोडेपर्यंत काम केलं त्यांच्या हाती दमडी नाही. त्याच्या आधीच, नोव्हेंबर 1834 मध्ये, ‘अ‍ॅटलास’ जहाजातून छत्तीस हिंदी मजूर तिथे उतरले होते. म्हणजे जुना हिशेब मिटायच्या आत नवं खातं उघडलेलं! मुंबई इलाख्याचा संबंध तर त्याहून जुना. काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी इथून 1826 पासून तिकडे धाडले जात आणि रस्त्यांच्या कामाला जुंपले जात. 1836 मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला, तेव्हा त्याने हे हिंदी कैदी पाहिले आणि त्यांच्याविषयी लिहूनही ठेवलं. त्यांच्यावर वेगळं भाषण व्हायला हवं. आज वेळ नाही.

आता कागदाकडे येतो. किराणा दुकानातली खात्याची वही आपल्या सर्वांच्या ओळखीची. माल आपण नेतो, पण लिहितो दुकानदार. आकडा त्याचा, अक्षर त्याचं, वही त्याच्या गल्ल्याखाली. गिरमिटाचं, म्हणजे मजुरीच्या कराराचं, अगदी तसंच होतं. बोली पाच वर्षांची, पगार महिना पाच रुपये आणि वर शिधा. ऐकायला वाईट नाही. पण एक दिवस खाडा झाला तर पगार कापायचा दोन दिवसांचा! तापाने आडवा पडलेला माणूस आठवड्यात दोन आठवड्यांचा देणेकरी होई. मुदत संपली तर खातं मिटावं की नाही? तेही नाही. परतीचं फुकट तिकीट 1850 नंतरच्या काही वर्षांतच बंद झालं. मग 1867 च्या कायद्याने, ज्यांनी आपली पाच वर्षं भरली होती त्यांनाही फोटो लावलेला परवाना बाळगणं सक्तीचं केलं, आणि त्या फोटोचा खर्च त्यांच्याच माथी. परवाना घरी विसरून शेजारच्या जिल्ह्यात पाऊल टाकलं की भटक्या म्हणून अटक. वहीतलं नाव खोडायचं नाही, पान फक्त उलटायचं. लक्षात घ्या, इथे चाबूक लागत नाही, साखळदंड लागत नाही. लागतो तो एक कारकून.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, सही-अंगठा तर त्यांनी स्वखुशीने दिला होता. दिला असेल. पण वाचता न येणाऱ्याने परक्या भाषेतल्या कागदावर अंगठा उठवायचा आणि तो मोडला तर तुरुंगात जायचं, याला खुशी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इंग्रज सरकारनेच चौकशी केली ना? केली. पण कधी? आडोल्फ द प्लेवित्झ नावाच्या मळेवाल्याने 1871 मध्ये 9,401 जुन्या मजुरांचा अर्ज तयार करून गव्हर्नरकडे दिला, तेव्हा. त्यापायी इतर मळेवाले त्याच्या जिवावर उठले. मग 1872 मध्ये शाही आयोग आला, 1875 मध्ये अहवाल झाला, पोलिसांच्या धरपकडीवर ताशेरे ओढले गेले. हे श्रेय नाकारायचं नाही. पण गिऱ्हाइकांनी ओरड केल्यावर दुकानदाराने आपलीच वही तपासली, एवढाच त्याचा अर्थ. तिसरं म्हणणं, त्यांची नातवंडं सुखात आहेत, देशाचा कारभार करतात. होय, पण ते सुख सरकारने वाटलेलं नाही. साखरेचे भाव घसरले, मळेवाल्यांनी आपल्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या, आणि पै पै साठवलेल्या मजुरांनी ते तुकडे विकत घेतले. कागदाच्या राज्यात कागदानेच त्यांनी आपली जागा केली, असं म्हणता येईल. पण तो विषय वाढतो.

मिनिटं संपत आली, म्हणून मुद्दा पुन्हा सांगतो: तोफ नव्हे, कागद. 1968 मध्ये स्वातंत्र्य मिळालं, पण त्याआधी तीन वर्षं, 1965 मध्ये, इंग्रजांनी चागोस बेटं कागदावरच मॉरिशसपासून तोडून घेतली होती. आज एवढं सांगतो की पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे मजूर सोळा पायऱ्या चढून वर येत, आता युनेस्कोचं वारसास्थळ आहे. आणि त्या मजुरांची रजिस्टरं मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत. क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, अंगावरची खूण. तिकडची मुलं त्या नोंदी हाती घेऊन आपलं गाव शोधत असतात. तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी ज्यांचं मूळ रत्नागिरीकडचं असेल, त्यांनी माळ्यावरच्या ट्रंकेतले जुने कागद रद्दीत घालण्याआधी एकदा नीट वाचावेत, आणि ‘समुद्रापार गेला, परतला नाही’ असं कुणाविषयी घरात बोललं जात असेल तर त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव आजच लिहून ठेवावं.